जिनिव्हातले एक मिनिट आणि त्याआधीचे सहा महिने

बालकांचे आरोग्य आणि पोषण हा विषय आंतरराष्ट्रीय बैठकांमध्ये कसा मांडायचा, याबद्दल वाचकांकडून आलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमची संस्था मेळघाटात कुपोषित बालकांसाठी काम करते. मे महिन्यात जिनिव्हाला होणाऱ्या जागतिक आरोग्य सभेत एका मोठ्या संस्थेमार्फत आम्हाला निवेदन करायची संधी मिळते आहे. तयारी कशी करावी? – एक कार्यकर्ता, धारणी

उत्तर : मे महिन्याच्या भरवशावर राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची ही सभा मेमध्ये भरते हे खरे, पण तिथे येणाऱ्या बऱ्याच ठरावांचे मसुदे त्याआधी, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत होणाऱ्या संघटनेच्या ३४ सदस्यांच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीतच बरेचसे घडलेले असतात. शिवाय मसुदा मांडण्याचा अधिकार देशांना आहे, संस्थांना नाही. त्यामुळे तुमचे म्हणणे ज्यांच्या गळी उतरायला हवे ते अधिकारी जिनिव्हात नसून दिल्लीत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयात आहेत. जिनिव्हातले शिष्टमंडळ राजधानीतून आलेल्या सूचनांप्रमाणे बोलते. सभागृहाबाहेर गाठून कागद हातात दिला तर तो सौजन्याने घेतला जातो आणि बॅगेत राहतो, कारण सूचना बदलणे त्यांच्या हातात नसते. तुमच्या मागणीचे टिपण नोव्हेंबर-डिसेंबरातच मंत्रालयात पोचवा. विषय पोषणाचा असल्याने एक प्रत महिला व बालविकास मंत्रालयालाही द्या.

टिपण एका पानाचेच ठेवा. ‘कुपोषणाकडे गांभीर्याने पाहावे’ असे लिहिलेत तर अधिकाऱ्याला त्याचे काहीच करता येत नाही. ठरावाच्या कोणत्या परिच्छेदात कोणते वाक्य घालायचे, ते जसेच्या तसे लिहून द्या. उदाहरणार्थ : ‘सहा महिन्यांखालील, वाढ खुंटण्याचा धोका असलेल्या अर्भकांच्या उपचारात आईला स्तनपानासाठी प्रशिक्षित व्यक्तीची मदत मिळेल अशी व्यवस्था सदस्य देशांनी करावी.’ त्याखाली दोन ओळींत कारण, आणि त्याखाली आधार. आधार म्हणजे पूर्वी याच सभेत मान्य झालेला ठराव किंवा जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना. वरच्या वाक्याला लुकडेपणावरची (उंचीच्या मानाने वजन कमी असण्यावरची) २०२३ ची मार्गदर्शक सूचना उपयोगी पडेल. एकदा मान्य झालेले शब्द पुन्हा मान्य करून घेणे सोपे जाते. शब्द नवे असले की वाटाघाटीत त्यांच्याभोवती चौकटी कंस, म्हणजे ‘यावर अजून एकमत नाही’ अशी खूण, पडतो, आणि शेवटच्या रात्री कंसातला मजकूर सगळ्यांत आधी उडतो.

मसुदा हातात आला की दोन जागा नीट तपासा. पहिली, ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘योग्य वाटेल तेथे’ असे शब्द कुठे घुसले आहेत का. एखाद्या ठिकाणी ते रास्त असतात, पण प्रत्येक कलमाला जोडले गेले तर ठरावात काही उरत नाही. दुसरी, महासंचालकांनी प्रगतीचा अहवाल कोणत्या वर्षी सादर करायचा याचे कलम. त्यात साल नसेल तर विषय कार्यक्रमपत्रिकेवर परत कधी येईल याची खात्री नाही. एकच मागणी पदरात पडणार असेल तर अहवालाचे साल मागा, असे आम्ही ठामपणे सांगू.

आता ते एक मिनिट. संस्थांना साधारण तेवढाच वेळ मिळतो, तोही देशांची भाषणे संपल्यावर, सभागृह विरळ झालेले असताना. सहा भाषांत समांतर भाषांतर चालू असते, म्हणून इंग्रजी निवेदन शंभर-एकशेदहा शब्दांच्या वर नेऊ नका. दीडशे शब्द भरभर वाचले तर दुभाषा मागे पडतो आणि फ्रेंच किंवा अरबी ऐकणाऱ्यापर्यंत तुमची मागणीच पोचत नाही. निवेदनाचा मजकूर मुदतीत आधी पाठवा. अध्यक्षांचे आभार, सभेचे अभिनंदन, संस्थेची ओळख यांत वीस सेकंद जातात आणि नेमकी मागणीच्या वाक्याला वेळ संपते. मागणी पहिल्या वाक्यात, आकडा दुसऱ्यात, ओळख शेवटी, असा क्रम ठेवा.

नोंदणीचेही लक्षात ठेवा. व्यक्तीला परस्पर नोंदणी करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध असलेल्या संस्थेच्या शिष्टमंडळात तुमचे नाव असावे लागते. स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलपर्यंत थांबू नका.

प्रश्न : परिषदेच्या सादरीकरणात महाराष्ट्राचे कोणते आकडे वापरावेत? प्रत्येक ठिकाणी वेगळेच दिसतात. – आहारशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वेगळे दिसतात कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी (वयाच्या मानाने उंची कमी), २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ३६.१ टक्के कमी वजनाची (वयाच्या मानाने वजन कमी) आढळली. एकच मूल तिन्हींत असू शकते, म्हणून यांची बेरीज कधीही करू नका. तीव्र लुकडेपणा चौथ्या फेरीत ९.४ टक्के होता, तो पाचव्या फेरीत १०.९ झाला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ही वाढ कोविडच्या माथी मारणे. महाराष्ट्रातले सर्वेक्षण २०१९ च्या जून ते डिसेंबरात, म्हणजे कोविडच्या आधी पूर्ण झाले होते. एखाद्या जाणकाराने सभागृहात हे दाखवून दिले तर तुमच्या बाकीच्या मांडणीवरचाही विश्वास जातो.

पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपचे आकडे अंगणवाडीत ज्यांची मापे घेतली गेली त्या बालकांचे असतात. जे मूल वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आईबापांबरोबर गेले, ते त्यात सापडेलच असे नाही. पाहणी आणि ट्रॅकर यांचे आकडे एकाच आलेखात घालू नका. दंडघेराने (दंडाचा घेर मोजून) शोधलेली बालके आणि वजन-उंचीच्या गुणोत्तराने शोधलेली बालके हीदेखील तंतोतंत तीच नसतात, दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असलेल्या प्रत्येक मुलाचे उंचीच्या मानाने वजन तीव्र कमी असेलच असे नाही. कोणती पद्धत वापरली ते तक्त्याखाली लिहा.

जगाचा आकडा हवा असेल तर युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांचा संयुक्त अंदाज घ्या : २०२४ मध्ये १५ कोटी २ लाख मुले खुजी आणि ४ कोटी २८ लाख लुकडी. साल आणि स्रोत त्याच ओळीत द्या.

एक विनंती. पडद्यावर हडकुळ्या मुलाचा चेहरा, खाली नाव आणि पाड्याचे नाव, हे करू नका. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे. फोटो हवाच असेल तर तो कुठे, कोणाला दाखवणार हे आईला तिच्या भाषेत सांगून परवानगी घ्या आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाका.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. परदेशातल्या एका पोषण परिषदेचा प्रवासखर्च द्यायला बाळांची दूध पावडर बनवणारी कंपनी तयार आहे. घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हा प्रश्न सद्सद्विवेकावर सोडलेला नाही, कायद्याने सुटलेला आहे. अर्भक दुग्धपर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये दुरुस्त झाला. त्याच्या कलम ९ नुसार अशा कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना चर्चासत्र, परिषद, शिष्यवृत्ती, संशोधन यांसाठी पैसा देता येत नाही. पैसा कंपनीच्या प्रतिष्ठानातून आला तरी देणारा हात तोच असतो. आमंत्रणावर आयोजक म्हणून अनोळखी नाव असेल तर मागे कोण आहे ते लेखी विचारा. लेखी उत्तर टाळले गेले तर तेही उत्तरच आहे.

प्रश्न : असे ठराव बंधनकारक नसतात. मग एवढा आटापिटा कशासाठी? – एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : वरच्या उत्तरातला कायदा कुठून आला ते पाहा. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. संहिता कोणावर बंधनकारक नव्हती. पण तिने देशांना कायद्याचा तयार आराखडा दिला आणि अकरा वर्षांत भारताने तो स्वतःच्या कायद्यात आणला. त्या लढ्याचा एक धागा आपल्याच राज्यातला आहे : स्तनपानासाठी देशभर काम करणारे ‘बीपीएनआय’ हे जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाले.

शब्दांना वजन नसते तर त्यांना कोणी एवढा विरोध केला नसता. २०१८ मध्ये स्तनपानावरचा ठराव इक्वाडोर मांडणार होता. अमेरिकेच्या दबावामुळे त्याने माघार घेतल्याच्या बातम्या तेव्हा जगभर आल्या. शेवटी रशिया पुढे आला आणि ठराव बऱ्याच अंशी मूळ शब्दांसह संमत झाला. मे २०२५ च्या सभेत दुग्धपर्यायांच्या डिजिटल जाहिरातींवर नियंत्रण आणण्याचा ठराव झाला आणि २०१२ मध्ये २०२५ पर्यंत ठरवलेली पोषणाची सहा उद्दिष्टे २०३० पर्यंत वाढवली गेली. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचे उद्दिष्ट ५० वरून ६० टक्क्यांवर गेले. आता आपला १९९२ चा कायदा मोबाईलवर फिरणाऱ्या जाहिरातींना पुरेसा पडतो का, हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायला तुमच्या हातात आधार आहे.

प्रश्न : पॅरिसच्या पोषण परिषदेत अब्जावधी डॉलर जाहीर झाले. ते पैसे आले की नाही, हे सामान्य माणसाला कळते का? – एक मराठी वाचक, लंडन

उत्तर : थोडेफार कळते. मार्च २०२५ मध्ये पॅरिसला झालेल्या ‘न्यूट्रिशन फॉर ग्रोथ’ परिषदेत २७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली. ही मालिका २०१३ मध्ये तुमच्याच शहरात सुरू झाली, २०२१ ची बैठक टोकियोत झाली. ‘ग्लोबल न्यूट्रिशन रिपोर्ट’च्या संकेतस्थळावर देशवार आश्वासने नोंदलेली आहेत. वाचताना तीन गोष्टी पाहा : रक्कम किती वर्षांसाठी आहे, नवी आहे की आधीच्या योजनेतली, आणि थेट पोषणावर आहे की शेती-पाण्याच्या कामात पोषणाचा वाटा धरलेली आहे. मग तुमच्या खासदाराला एकच प्रश्न लिहा : अमुक आश्वासनातले यंदा किती खर्च झाले? एका पत्रात पाच प्रश्न घातले की उत्तर सर्वांत सोप्या प्रश्नाचे येते.

प्रश्न : सभेहून परत आल्यावर काय करायचे? – वरीलच कार्यकर्ता, धारणी

उत्तर : ठरावाचा अंतिम मजकूर संघटनेच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि तुमचे वाक्य राहिले, बदलले की गेले ते मसुद्याशी ताडून पाहा. भारताने काय भूमिका घेतली ते सभेच्या चित्रणात ऐकता येते. दोन पानांचा मराठी सारांश करून जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीला, आपल्या आमदाराला आणि ज्या अंगणवाडी सेविकांच्या नोंदींवर तुमचे आकडे उभे होते त्यांना द्या. अहवालाचे साल कलमात असेल तर त्याच्या आदल्या वर्षीचा नोव्हेंबर महिना आताच राखून ठेवा. मंत्रालयाला पुढचे टिपण तेव्हा जायचे आहे.