चाळिशीपूर्वीच्या उद्दिष्टांच्या यादीतून नवी भाषा खोडावी का?

आपला चाळिसावा वाढदिवस दोन वर्षांवर आला आहे आणि त्याआधी पूर्ण करायच्या चाळीस गोष्टींची यादी आपण करत आहात. पोहणे, दहा किलोमीटर धावणे, परदेश प्रवास आणि कर्जफेड यांच्याबरोबर त्यात ‘एक नवी भाषा’ असेही आपण लिहिले होते. परंतु या वयात भाषा येत नाही असे कोणी सांगितल्यामुळे ती खोडावी का, असे आपण विचारता. खोडू नका. खोडायचेच असेल तर उरलेल्यांपैकी तीस खोडा. दोन वर्षांत चाळीस उद्दिष्टे म्हणजे एकेकाच्या वाट्याला पुरते तीन आठवडेही येत नाहीत, आणि एवढ्या अवधीत जे उरकते त्याला वाढदिवसाची मुदत घालण्याचे कारण नाही.

मी बेळगावचा आहे. वडगावात घर आणि येळ्ळूरच्या बाजूला वडिलोपार्जित भातशेती असलेल्या कुटुंबात मी वाढलो, मराठी शाळेत शिकलो आणि बाजारात, बसमध्ये, बँकेत लागते तेवढी कन्नड लहानपणापासून बोलत आलो. आमच्याकडे ही बोली कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती कानांवर पडून येते. लिपी मात्र तशी येत नाही. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वर्गाला कन्नड विषय नव्हता. आमच्या घरातले आजोबांच्या वेळचे कागद मराठीत आहेत, काही तर मोडीत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यानंतरचे कागद हळूहळू कन्नडात येऊ लागले. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला इकडे आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसता ‘उतारा’ म्हणतात. तो उतारा वर्षानुवर्षे पत्र्याच्या पेटीत असे, आणि लागेल तेव्हा कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे नेऊन तो वाचून घ्यावा लागे.

वडील वारल्यानंतर वारस नोंदीसाठी धावपळ सुरू झाली, तेव्हा एका कागदावर वडिलांच्या नावातील पहिलेच अक्षर चुकीचे पडले आहे असे कळले. एका अक्षराने माणूस दुसराच झाला होता. ते दुरुस्त करून घेताना जो त्रास झाला तो सगळ्यांनाच होतो, त्याविषयी लिहीत नाही. मला लागले ते निराळेच. ती चूक छापील अक्षरांत आमच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षे होती, आणि घरात पदवीधर असूनही ती एकाही माणसाला दिसली नाही. त्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. त्याच आठवड्यात मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या: पन्नाशी पुरी होण्याआधी आपल्या शेताचा उतारा कुणाच्या मदतीशिवाय वाचायचा, एक अर्ज स्वतःच्या हाताने कन्नडात लिहून द्यायचा आणि एक कन्नड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे.

शेजारच्या गल्लीत कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांनी माझ्यापुढे पहिलीचे पुस्तक ठेवले आणि बाराखडीपासून सुरुवात केली. कन्नड वर्णमाला मराठी माणसाला परकी नाही, क-ख-ग-घ हाच क्रम आहे. अडते ते बारकाव्यांत. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे वेगवेगळे स्वर आहेत आणि त्यांतला फरक आपल्या कानाला सुरुवातीला ऐकूच येत नाही. जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली, वेगळ्या रूपात बसते. रफार अक्षराच्या डोक्यावर न चढता त्याच्या उजव्या बाजूस येतो, त्यामुळे डोळा पुढे जाऊन मागे यावा लागतो. मला याचा सराव झाला तो बसस्थानकावर. खानापूर, सौंदत्ती, बैलहोंगल, चिकोडी ही गावे आधीच तोंडात असल्यामुळे बसवरची पाटी जणू स्वतःच अक्षरे सांगू लागते. उताऱ्यावरचे शब्दही वाटले होते तितके दूरचे निघाले नाहीत; खाते, जमीनु, हक्कु, पहणी हे शब्द अक्षर लागताच ओळखीचे झाले. अर्जाची मांडणी अक्कांनी घोटून घेतली: आधी ‘इंद’, म्हणजे कोणाकडून, आणि मग ‘इवरिगे’, म्हणजे कोणास. उतारा आणि अर्ज या दोन्ही गोष्टी मुदतीत झाल्या. पुस्तक मुदतीत झाले नाही, ते पुढच्या दिवाळीला संपले, आणि त्याचे मला काही वाईट वाटले नाही, कारण मुदत नसती तर ते सुरूच झाले नसते.

आता ज्यांनी आपल्याला ‘या वयात भाषा येत नाही’ असे सांगितले त्यांच्याविषयी लिहितो, कारण असे एक गृहस्थ माझ्याही घरात आहेत. माझे थोरले चुलतभाऊ, आमचे आण्णा, यांनी तेव्हा दोन आक्षेप घेतले. पहिला वयाचा होता. साठ संवत्सरांचे चक्र पुरे झाले की माणसाने साठीशांत करून देवाचे आभार मानावेत, वाढदिवसाला परीक्षेची तारीख करू नये, असे ते म्हणाले. साठीशांतीविषयी मला आदर आहे, आण्णांची झाली तेव्हा पंगतीत मी वाढायला होतो. परंतु कृतज्ञता आणि मुदत एकमेकींच्या आड येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा होता. जिल्हा तिकडे गेला त्याच्या निषेधार्थ आपण दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, मराठीत कागद मिळावेत म्हणून मागणी करतो, आणि तूच कन्नड वाचू लागलास तर त्या मागणीत काय उरले, असे त्यांनी भरल्या घरात विचारले.

मी त्यांना तेव्हा जे सांगितले तेच इथे लिहितो. संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपली तक्रार मांडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, आणि ३५०-अ व ३५०-ब ही भाषिक अल्पसंख्याकांसाठीची कलमे १९५६ सालीच, म्हणजे आमचा जिल्हा या राज्यात आला त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने घातली गेली. मराठीत कागद मागणे हा हक्क आहे आणि तो मी सोडलेला नाही. काळ्या दिनाच्या फेरीत मी आजही असतो. पण अर्ज कोणत्या भाषेत द्यावा हा हक्काचा प्रश्न झाला. आलेला कागद वाचता येणे हा माझ्या शेताचा प्रश्न आहे, आणि पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरातले होते आणि कन्नड कवितेसाठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले. मास्ती वेंकटेश अय्यंगारांच्या घरची भाषा तमिळ होती आणि गिरीश कर्नाडांच्या घरची कोकणी. कन्नड लिहिली म्हणून यांपैकी कोणाची घरची भाषा हिरावली गेली नाही. ती सगळी माणसे लहानपणापासून कन्नडात वाढली, असे आण्णा यावर म्हणतात. ते खरे आहे, आणि कविता लिहायची असेल तर लहानपण लागत असेलही. उतारा वाचायला ते लागत नाही. आज आण्णा स्वतःच्या शेताचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणतात, मी वाचतो तोवर चहा घेतात आणि जाताना आपले मत बदललेले नाही असे सांगून जातात. त्यांचा धाकटा नातू मात्र सुट्टीत माझ्या शेजारी बसून अक्षरे लावतो.

आपल्या यादीकडे येतो. ‘एक नवी भाषा’ हे उद्दिष्ट नाही, कारण ते पुरे झाले हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्या भाषेतला कोणता कागद वाचायचा, कोणाशी कशाविषयी बोलायचे, हे लिहा. भाषा कोणती हे आपण सांगितलेले नाही. मी म्हणेन की जी आपल्या दारात रोज ऐकू येते ती घ्या, कारण चुका सुधारणारा माणूस जवळ असतो. पोहण्याविषयी आणि धावण्याविषयी मला सांगण्यासारखे काही नाही, ते इतरांना विचारा. परदेश प्रवास पैसे असतील तेव्हा होईल, त्याला वाढदिवसाशी बांधू नका.

हे सर्व मी नोकरी करणारा, घरी जेवण तयार मिळणारा पुरुष म्हणून लिहीत आहे, हे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे लहान मुले किंवा आजारी वडीलधारे असतील तर माझ्यासारख्या तीन गोष्टींऐवजी एकच ठेवा, आणि मुदत चाळिशीऐवजी पंचेचाळिशीची केली तरी चालेल. माझा अनुभव तोंडी बोलता येणाऱ्या भाषेचा आहे. अगदी अनोळखी भाषेला याहून बराच अधिक वेळ द्यावा लागेल. शिकवणारे माणूस मात्र आधी शोधा आणि त्यांच्याशी वार व वेळ ठरवूनच यादीला हात लावा.