सीटीसीपी नवीन शिकताय? आधी एवढंच बघा
अरे घाबरू नकोस, सीटीसीपी (क्लायंट-टू-क्लायंट प्रोटोकॉल) म्हणजे काही जादू नाही, आयआरसी चॅटवरचा साधा मेसेजच असतो, फक्त त्याच्या मागेपुढे एक न दिसणारं कॅरेक्टर (आस्की १) लावलेलं असतं, त्यावरून समोरच्याचा क्लायंट (चॅटचा प्रोग्रॅम) ओळखतो की हा नेहमीचा मेसेज नाही, बहुतेक वेळा त्यानेच उत्तर द्यायचंय. आणि तू स्वतःची कृती दाखवायला /me टाइप करतोस ना, तेही सीटीसीपीच, ॲक्शन नावाचं! म्हणजे वापरतोयसच की.

सुरुवातीला दोनच पुरे:
- पिंग: मेसेज समोरच्याकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. सर्व्हरच्या पिंगशी गल्लत करू नको, ते वेगळं.
- व्हर्जन: समोरचा कुठला क्लायंट वापरतो ते. पण उत्तर त्याचा क्लायंट देतो, खोटंही असू शकतं, कधी येतच नाही.

सगळे नवशिके करतात ती चूक म्हणजे निकच्या (एखाद्याच्या टोपणनावाच्या) जागी चॅनलचं (अख्ख्या चॅटरूमचं) नाव टाकणं. मग सगळ्यांचे क्लायंट एकदम उत्तर देतात, लोक वैतागतात आणि ऑप (चॅनल सांभाळणारा) थेट किक मारतो, म्हणजे चॅनलबाहेर काढतो (मीही खाल्लीये). एकाच माणसाला सारखं सारखंही पाठवू नको, फ्लड (मेसेजचा भडिमार) समजतात.

डीसीसीला (दोघांचे क्लायंट थेट जोडून गप्पा किंवा फाइल पाठवणं) सध्या हात लावू नको, त्यात तुझा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) समोरच्याला कळतो. अनोळखी माणसाची फाइल तर अजिबात घेऊ नको.