नॉर्वेचं तुमचं ठरलंय, पण मुलीचं काय?

(मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: मुलगी बीकॉम झालीय, व्हायोलिनमध्ये विशारद आहे, सध्या घरीच असते. पुतण्या ऑस्लोत आयटीत आहे, त्याच्याकडून कळलं की नॉर्वेत शिक्षण फुकट असतं आणि तिकडच्या लोकसंगीतात मास्टर्सही होतं. "आमचं ठरलंय, तिला नॉर्डिक म्युझिकला पाठवायचं, पुढे तिकडेच सेटल होईल, स्थळंही चांगली येतील. ते हार्डांगर की काय ते व्हायोलिन ती युट्यूबवर तासन्‌तास बघते, पण मास्टर्सचा विषय काढला की गप्प बसते. कोणतं कॉलेज बेस्ट? नाही जमलं तर एमबीएची सीईटी द्यावी का?")

नमस्कार,

कॉलेजवर नंतर येतो. तुमच्या पत्रात "आमचं ठरलंय" तीनदा आलंय आणि मुलगी गप्प बसते हे एकदाच, तेही जाता जाता, जणू तो तिचा स्वभावच. मला मात्र त्याचीच काळजी वाटली. जी मुलगी एखादं वाद्य तासन्‌तास बघते तिला ते शिकायला मिळणार म्हटल्यावर खरं तर तिने उड्या मारायला हव्यात, आणि ती गप्प बसतेय, तर कुठेतरी काहीतरी अडतंय ना? कदाचित तिला वाद्य हवंय पण त्याच्याबरोबर येणारं पॅकेज नकोय, म्हणजे ऑस्लो, पुतण्याची देखरेख, पीआर (तिकडे कायमचं राहायचा परवाना), स्थळं. किंवा तिला भीती वाटत असेल की तिथे नाही जमलं तर घरी तोंड कसं दाखवायचं. मला माहीत नाही, आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही तिला विचारलेलं नाही, फक्त सांगितलंय.

आता फुकटचं. पुतण्याची माहिती जुनी आहे. नॉर्वेतल्या सरकारी विद्यापीठांनी 2023 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावलीय. डेन्मार्कने 2006 ला, स्वीडनने 2011 ला, फिनलंडने 2017 ला तेच केलं. स्कॉलरशिप असतात, पण त्या मागून मिळत नाहीत, वाजवून मिळवाव्या लागतात. आणि फी माफ झाली तरी राहण्या-खाण्याचे पैसे व्हिसाच्या वेळी दाखवावे लागतात, नॉर्वेत ती रक्कम ऐकून भलेभले खुर्चीत बसतात. तुम्ही "पीएचडीला तर पगार मिळतो" असंही लिहिलंय. खरंय, नॉर्वे-स्वीडनमध्ये ती नोकरीच असते, पण आधी मास्टर्स लागतं आणि जागा अगदी मोजक्या. तो हिशोब आत्ता धरू नका.

सेटल होण्याचं म्हणाल तर तिकडे लोकसंगीतातले बहुतेक जण फ्रीलान्स जगतात, थोडे कार्यक्रम, थोडं शिकवणं. नॉर्वेत प्रत्येक नगरपालिकेला मुलांसाठी कलाशाळा चालवावी लागते, कायदाच आहे तसा, तिथे कामं निघतात, पण लहान मुलांना शिकवायचं म्हणजे नॉर्वेजियन बोलता यायला हवं. पीआरसाठी मुलगी पाठवायचीय तर संगीत हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे, आणि त्या नादात तिचं व्हायोलिनही हातचं जाईल.

हां, वाद्य मात्र तिने झकास निवडलंय. हार्डांगर फिडल. सगळ्यात जुनं म्हणून जे ओळखलं जातं ते 1651 चं आहे. वरच्या चार तारा वाजवायच्या आणि त्यांच्याखाली आणखी चार-पाच तारा आपोआप झंकारतात, तुम्ही मिरजेचे, तरफेच्या तारा म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार! चाली कानाने शिकायच्या, गुरूसमोर बसून, हेही आपल्यासारखंच. पण म्हणून तिला सोपं जाईल असं समजू नका. ती मांडी घालून, व्हायोलिन पायावर टेकवून, सा-पच्या हिशोबात लावून वाजवत असणार, तिकडे खुर्चीवर बसून किंवा उभ्याने, गजाची पकड वेगळी, आणि एकेका चालीसाठी तारा वेगळ्या लावायच्या. शिवाय नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातलं स्प्रिंगार घ्या, तीन मात्रांचा नाच, पण तिन्ही मात्रा सारख्या नाहीत, पहिली लांब, मग मध्यम, मग आखूड, आणि वाजवणारा पायाने ठेका देतोय. दादऱ्यात मुरलेला हात तिथे आधी गडबडणार. ते निस्तरायला एक-दोन वर्षं जातात, आणि मास्टर्सला घेतात ते ही गडबड संपलेल्यांना.

"नॉर्डिक मास्टर इन फोक म्युझिक" नावाचा दोन वर्षांचा संयुक्त कोर्स आहे, स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं आणि डेन्मार्कमधल्या ओडेन्सेचं संगीत महाविद्यालय, फिनलंडमधल्या हेलसिंकीची सिबेलियस अकॅडमी आणि नॉर्वेतल्या व्होसची ओले बुल अकॅडमी मिळून चालवतात, विद्यार्थी देश बदलत शिकतात. अ‍ॅडमिशन कधी उघडतंय ते त्यांच्याच साइटवर बघा, एजंटला विचारू नका. तिथे मार्कशीटपेक्षा वाजवलेलं ऐकतात, आणि विशारद तिकडे आपोआप बॅचलर डिग्री धरत नाहीत, आधी मेल करून विचारावं लागतं. वडिलांनी ढकललेली मुलगी त्या ऑडिशनला पाच मिनिटांत उघडी पडते.

म्हणून माझं मत, यंदा अर्ज करूच नका. तिला पाठवायला जे पैसे लागले असते त्यातला छोटा हिस्सा वेगळा काढा. तिला ऑनलाइन एखादा फिडल शिकवणारा शोधू द्या, तिला म्हणजे तिलाच, पुतण्याला नाही. साधं व्हायोलिन चालेल, सुरुवातीला हार्डांगर विकत घ्यायची काही गरज नाही. पुढे वाटलंच तर एखादा छोटा कोर्स, स्वीडनमध्ये टोबो गावात एरिक सालस्ट्रॉम इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्रामुख्याने निकेलहार्पा शिकवतात, तेही तरफा असलेलंच वाद्य, छोटे कोर्सही असतात. तिथे राहून आली की तिला थंडी, एकटेपणा आणि ते संगीत, तिन्ही झेपतं का ते कळेल. नाही झेपलं तर नाही, मिरजेत बसून वाजवेल, त्यात काय कमीपणा आहे?

एमबीए सीईटी द्यायची तर देऊ दे, बीकॉमनंतर बरेच देतात. पण "नाही जमलं तर" म्हणून नको.

आणि पुढचं पत्र तिने लिहावं. तिच्या स्वतःच्या मेलवरून, आणि पाठवायच्या आधी तुम्ही वाचायचं नाही.