अमेरिकेत कॉलेजं शाळेतल्या फुटबॉल खेळाडूंच्या मागे एवढी का लागतात? माझ्या भाच्याला 'ऑफर' आलीय, ती पक्की मानायची का?

तुम्ही कोल्हापूरचे, भाचा डॅलसजवळच्या शाळेत दहावीत. उन्हाळ्यातल्या कॅम्पमध्ये एका मोठ्या कॉलेजच्या कोचनं त्याला "तुला आमची ऑफर आहे" असं सांगितलं. बहीण हरखून गेलीय आणि तुम्हाला मात्र घोर लागलाय, की एवढ्याशा पोरामागे कॉलेज का लागेल, या शब्दावर किती विसंबायचं आणि यात पैशाचं काय असतं. तुमचा घोर मला समजतो. मी याच भागातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये चौदा वर्षं गणित शिकवतेय. दर वर्षी माझ्या वर्गात अशी दोन-चार मुलं असतातच.

आधी सरळ उत्तर देते. ऑफर म्हणजे स्कॉलरशिप देऊन टीममध्ये घ्यायचा प्रस्ताव, आणि दहावीतली ऑफर म्हणजे नुसता तोंडचा शब्द. नियमानुसार बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी कॉलेजला लेखी ऑफर देताच येत नाही, आणि करारावर सह्या होतात त्या वर्षीच्या डिसेंबरात किंवा पुढच्या फेब्रुवारीत. तोवर कॉलेज शब्द फिरवू शकतं, तसा मुलगाही. आणि दोघंही सर्रास फिरवतात. शिवाय सगळ्या ऑफर सारख्या नसतात. काही कॉलेजं शंभरावर मुलांना ऑफर देऊन ठेवतात, जागा मात्र त्याच्या चौथाई-पाचवा हिस्साच असतात. त्यामुळे भाच्यानं कोचला एकच गोष्ट विचारायला हवी: "मी आज हो म्हणालो तर तुम्ही आज मला घेताय का?" उत्तर गुळमुळीत आलं, तर ती ऑफर म्हणजे नुसती ओळख झाली असं समजा.

आता मागे का लागतात ते. तुमच्याकडे पोरगा पेठेत वाढतो, पाटाकडील नाहीतर खंडोबा तालमीकडून खेळतो आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ त्याला बघायला येते. तालीम हेच त्याचं शिकायचं ठिकाण आणि तीच त्याची टीम. इथलं फुटबॉल हा वेगळाच खेळ, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि टकरींचा, आणि त्यात तालमीसारखं काही नाही. एनएफएल ही व्यावसायिक लीग शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणालाही घेत नाही. ती तीन वर्षं खेळायचं ते कॉलेजातच. देशभरात शाळांतून साधारण दहा लाख मुलं फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरातली सातेकच कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या टीममध्ये पोचतात, आणि सगळ्यात वरच्या म्हणजे डिव्हिजन वनच्या पातळीवर तर शंभरातली तीनसुद्धा नाहीत.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आयपीएलमध्ये लिलाव असतो, पैशाला मर्यादा असते. एनएफएलमध्ये टीम नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात आणि सगळ्यात खालच्या टीमला पहिली निवड मिळते, त्यामुळे हळूहळू पारडी सारखी होतात. कॉलेज फुटबॉलमध्ये शाळकरी मुलांसाठी ना लिलाव, ना निवडीची पाळी. ज्यानं मुलाला आणि त्याच्या आईला पटवलं, मुलगा त्याचा. जिंकणाऱ्या कॉलेजला दर वर्षी सगळ्यात चांगली मुलं पटवता येतात, मग ते आणखी जिंकतं. मागे पडलेल्या कॉलेजच्या कोचला हे चक्र मोडायचं तर शाळांच्या दारात जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नाही. जिंकण्यावर किती अवलंबून आहे हे बघायचं असेल तर मिशिगनच्या स्टेडियमकडे बघा, तिथे १,०७,६०१ जण बसतात. ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठाचं स्टेडियम लाखाचं आहे. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे. आमच्या टेक्सासात तर शाळांचीच ही तऱ्हा: डॅलसच्या उत्तरेला ॲलन हायस्कूलनं २०१२ साली ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० आसनांचं स्टेडियम बांधलं. शाळेचं! शुक्रवारी रात्री ते भरतं तेव्हा कॉलेजांची माणसं तिथे वही घेऊन बसलेली असतात.

मुलांना तारे दिलेले असतात, दोनपासून पाचपर्यंत. हे तारे रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजांसाठी शाळेतले खेळाडू हेरणाऱ्या, वेबसाइट देतात. पंचतारांकित मुलं वर्षाला साधारण बत्तीस, कारण एनएफएलच्या निवडीच्या पहिल्या फेरीत बत्तीस जागा असतात. या ताऱ्यांचा मुलांच्या डोक्यावर किती भार असतो ते मी वर्गात बघते. तारा वाढला की पोरगं शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आल्यासारखं चालतं, आणि एखादा कमी झाला की दोन दिवस गृहपाठ येत नाही.

पण तारे किती खरे? टेक्सासातलीच दोन उदाहरणं देते. साउथलेक कॅरोल शाळेचा क्विन युअर्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, देशातला अव्वल मुलगा मानला गेला. २०२१ मध्ये त्यानं बारावीचं वर्षच सोडलं आणि ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, कारण टेक्सासच्या शालेय नियमांत जाहिरातीचे पैसे घ्यायला बंदी होती. काही महिन्यांत तिथून टेक्सास विद्यापीठात परतला, तिथे चांगला खेळला, पण २०२५ ला एनएफएलनं त्याला निवडलं ते सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. उलट ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसचा बेकर मेफील्ड. तो टेक्सास टेकमध्ये स्कॉलरशिपशिवाय, 'वॉक-ऑन' म्हणून गेला, मग ओक्लाहोमाला, २०१७ ला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा पुरस्कार, जिंकला आणि पुढच्या वर्षी एनएफएलमध्ये पहिल्या क्रमांकानं निवडला गेला. सोळाव्या वर्षी मुलाच्या अंगात पुढे काय भरणार हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. भाच्याच्या बाबतीतही हे ध्यानात असू द्या, तो आज खुशीत असो वा नाराज.

पैशाबद्दलही तुम्ही विचारलंय. डॅलसमधलंच उदाहरण आहे. सदर्न मेथॉडिस्ट युनिव्हर्सिटीचे हितचिंतक खेळाडूंना लपूनछपून पैसे देत होते. तेरा खेळाडूंना मिळून ६१,००० डॉलर दिल्याचं सिद्ध झालं आणि १९८७ चा त्यांचा पूर्ण हंगाम रद्द झाला. विद्यापीठानं पुढचा हंगामही खेळला नाही. टीम उभी राहायला कित्येक वर्षं गेली. आज तेच काम उघडपणे चालतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायला परवानगी मिळाली, आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) एका कॉलेजला सगळ्या खेळांच्या खेळाडूंना मिळून वाटायची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. मला स्वतःला हे योग्य वाटतं. लाख माणसं ज्याला बघायला तिकीट काढतात त्याला हिस्सा मिळायलाच हवा. पण त्यातला मोठा वाटा मोजक्या नावांना जातो, लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या फळीत, खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला नाही. बहिणीनं त्यावर हिशेब मांडू नये.

भाच्यासारख्या मुलांवर खरा परिणाम झाला तो ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीचा. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागायचं. २०२१ ला ती अट सैल झाली. आता कोचला जागा भरायची असेल तर शाळेतला कच्चा मुलगा घेऊन दोन वर्षं घडवायची गरज नाही. दुसऱ्या कॉलेजात खेळून तयार झालेला एकवीस वर्षांचा खेळाडू मिळतो. टीममध्ये जास्तीत जास्त १०५ जण ठेवता येतात. पोर्टलमधून आलेला प्रत्येक जण शाळेतल्या एकेका मुलाची जागा खातो.

हे मी माझ्या वर्गात बघितलंय. २०२२ चा डिसेंबर. माझ्याकडे बारावीत एक मुलगा होता, सहा फूट तीन इंच, दोनशे साठ पौंड, डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतला. आई रात्रपाळीला. एका कॉलेजनं त्याला दीड वर्ष शब्द दिला होता. त्या भरवशावर त्यानं बाकी दोन कॉलेजांना नकार कळवला होता. शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे वर्गसमीकरणं करायला थांबायचा. त्या दिवशी फोन बाकावर समोरच ठेवलेला. फोन वाजला, त्यानं घेतला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तो चार वेळा "यस, सर" म्हणाला, शेवटी "थँक यू, सर" म्हणाला आणि फोन पालथा ठेवला. पोर्टलमधून त्याच्या जागेवर दुसरा आला होता. स्कॉलरशिप नाही, हवं तर स्वतःच्या खर्चानं वॉक-ऑन म्हणून ये. सह्यांना आठवडा उरला होता. त्यानं पेन्सिल उचलली, अर्धवट राहिलेलं उदाहरण पूर्ण केलं, चिन्ह चुकलेलं होतं, मी काही बोलले नाही. मग दाराशी जाऊन उभा राहिला. घरी आईला उठवून सांगायचं होतं.

त्याला वाचवलं ते त्याच्या गुणपत्रिकेनं. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि आमच्या काउन्सेलरनं, नाताळच्या सुट्टीतच पाच-सहा डिव्हिजन टू कॉलेजांना त्याचे मार्क आणि खेळाचा व्हिडिओ पाठवला. डिव्हिजन टूमध्ये बहुतेकांना अर्धीमुर्धीच स्कॉलरशिप मिळते, पण मार्क चांगले असले की अभ्यासाची मदत तिच्यात जोडता येते. १ फेब्रुवारी २०२३ ला आमच्या जिममध्ये टेबलं मांडली, प्रत्येक टेबलावर आपापल्या कॉलेजच्या रंगाचं कापड, टोपी, केक. त्याच्या टेबलावरचं कापड कमी ओळखीच्या रंगाचं होतं. आई रात्रपाळी करून थेट आली होती, अंगात कामाचाच शर्ट. त्यानं सही केली आणि पेन आईच्या हातात दिलं. तिनं ते पर्समध्ये ठेवलं.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते: भाच्याचा व्हिडिओ, चाळीस यार्डांची धाव, कॅम्प, या सगळ्याची काळजी त्याचे कोच घेतील. तुम्ही मार्कांमागे लागा. डिव्हिजन वनला खेळायचं तर शाळेत सोळा 'कोअर', म्हणजे अभ्यासाचे मुख्य, विषय पूर्ण असावे लागतात आणि त्यांची सरासरी चारपैकी किमान २.३ लागते. त्यांतले दहा बारावी सुरू होण्यापूर्वीच झालेले हवेत, आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. त्या सातांचे मार्क पुढे सरासरी सुधारण्यासाठी विषय पुन्हा घेऊन बदलता येत नाहीत. प्रत्येक शाळेची मान्य विषयांची वेगळी यादी असते. शाळा पास करते तो प्रत्येक विषय त्या यादीत असेलच असं नाही. नापास विषय ऑनलाइन घाईघाईनं भरून काढले, तर ते बऱ्याचदा इथेच अडकतात. बारावीत हे कळून रडणारी मुलं मी पाहिलीत.

शब्द देणाऱ्या कॉलेजला आणखी एक विचारायला सांगा: याच्या वर्षात लाइनसाठी तुम्ही शाळेतून किती मुलं घेणार, आणि गेल्या वर्षी पोर्टलमधून किती घेतलीत? आणि सही होईपर्यंत दुसऱ्या कोणाला दार बंद करू नका. निरोप आला की नम्रपणे उत्तर द्यायचं, एवढंच.

बहिणीला म्हणावं, याच आठवड्यात काउन्सेलरकडून भाच्याची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे आजवरची गुणपत्रिका, घे आणि शाळेच्या मान्य यादीशी एकेक विषय पेन्सिलनं ताडून बघ. अर्ध्या तासाचं काम आहे. एखाद्या विषयाबद्दल शंका आली तर इथेच खाली विषयाचं नाव लिहा, मुलाचं आणि शाळेचं नको. मी बघून कळवते.