कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ठिपके आणि रेषा येतात. दुकानदार म्हणतो मॉनिटर बदला. मॉनिटर गेलाय की ग्राफिक्स कार्ड, कसं ओळखायचं?

बदलू नका. निदान आज तरी नको.

रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाईलवर पाठवून तिथे बघा. त्याच मॉनिटरवर उघडून बघण्यात अर्थ नाही. मोबाईलवरही रेषा दिसल्या तर मॉनिटर निर्दोष आहे. स्क्रीनशॉट म्हणजे मॉनिटरचा फोटो नव्हे. कार्डाने जे चित्र तयार केलं त्याची ती प्रत, मॉनिटरपर्यंत ती गेलेलीच नसते.

एवढं मला २०२३ च्या एप्रिलमध्ये कोणी सांगितलं असतं तर माझे साडेअकरा हजार वाचले असते.

कराडला माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि सीझनला लग्नाचे अल्बम. मशीन आमच्या साडूंनी असेंबल करून दिलेलं. हार्डवेअरचा कोर्स केलाय, दुकान आहे, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. प्रोसेसर त्यांनी नावापुढे ‘एफ’ असलेला बसवला, म्हणजे ज्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, आणि त्यावर सेकंडहँड कार्ड. “नऊ हजारांत मिळतंय, डोळे झाकून घ्या.” घेतलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर हिशोब चालवून नाणी कमावणं, बंद झालं होतं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात येत होती. माझं त्यातलंच होतं का, हे साडूंनी अजून सांगितलेलं नाही.

ऐन लग्नसराईत सुरू झालं. सकाळी मशीन थंड असताना काही नाही. फोटोशॉपमध्ये तासभर काम झालं की नवरीच्या गालावर हिरवे ठिपके, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखे सारख्या अंतरावर. साडूंना बोलावलं. त्यांनी मॉनिटरच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “पॅनेल गेलं.” म्हणजे मॉनिटरचा पडदाच. केबलसुद्धा काढून बघितली नाही.

त्याच दुपारी पाटणच्या एका पार्टीला प्रूफ द्यायचं होतं. घाईत जेपीजी काढायचा कंटाळा केला आणि पानाचा स्क्रीनशॉटच व्हॉट्सॲपवर टाकला. पाच मिनिटांत फोन. “दादा, नवरीच्या तोंडावर हे हिरवं काय आलंय?”

मी म्हणालो, “काही नाही हो, आमचा मॉनिटर खराब झालाय.”

त्यांनाही पटलं! फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि नवा चोवीस इंची मॉनिटर घेऊन आलो. तासाभराने त्या नव्या कोऱ्या स्क्रीनवर तेच ठिपके, फक्त आधीपेक्षा टवटवीत. रात्री जेवताना एकदम डोक्यात आलं: मॉनिटर माझा कराडात खराब, तर ठिपके पाटणच्या माणसाच्या मोबाईलवर कसे गेले? भाकरी हातात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी एका मित्राचं जुनं कार्ड लावलं आणि दिवसभर काम केलं. एक ठिपका नाही.

तर असे सारख्या अंतरावरचे ठिपके, चौकटी, तापल्यावर वाढणारी गडबड दिसली की आधी कार्डावर संशय घ्या, बहुतेक वेळा त्याच्या मेमरीवर. उलट वरपासून खालपर्यंत केसासारखी एकच उभी रेघ, कायम एकाच जागी, कडेला हलकं दाबल्यावर कमीजास्त होणारी: ते पॅनेल. केबल काढल्यावर ‘नो सिग्नल’ येतं तेव्हाही रेघ तिथेच असेल तर बोलायलाच नको. मॉनिटरच्या बटणाने त्याचा ब्राइटनेसचा मेनू उघडूनही बघा. तो मेनू कार्ड काढत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. मागचं चित्र फाटलंय आणि मेनू स्वच्छ आहे, तर पॅनेलला दोष देऊ नका.

हे सगळं मी साडूंना सांगितलंय. मोबाईलवरचा तो स्क्रीनशॉटही दाखवलाय, अजून जपून ठेवलाय. त्यांचं म्हणणं एकच, “दोन्ही गेलं होतं.” जुना मॉनिटर “भंगारात घालतो” म्हणून तेच घेऊन गेले होते. गेल्या दिवाळीत त्यांच्या दुकानात गेलो तर काउंटरवर तो बिलिंगला लावलेला, माझ्या मुलीने कोपऱ्यात चिकटवलेल्या फुलपाखरासकट. पॅनेल बदललं का विचारलं, तर म्हणाले, “नाही, आपोआप सुधारलं.” दुसऱ्याच्या पैशाने पार्ट बदलत जायचं आणि त्याला रिपेअरिंग म्हणायचं, हे असलं चालतं आपल्याकडे. तुमचा दुकानदार वेगळा असेल तर त्याची माफी मागतो.

एक राहिलं. स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून लगेच मॉनिटरला फाशी देऊ नका. केबल किंवा कार्डाचं पोर्ट खराब असलं तरी स्क्रीनशॉट स्वच्छच येतो. आधी केबल बदला, मग दुसऱ्या पोर्टला लावा, जमलं तर शेजाऱ्याच्या मशीनला मॉनिटर जोडून बघा. तुमचा प्रोसेसर ‘एफ’वाला नसेल तर कार्ड काढून केबल थेट मदरबोर्डला लावता येईल, मला ती सोय नव्हती. ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही घोळ असू शकतो, पण बायोसमध्येसुद्धा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, ठिपके दिसत असतील तर दोष ड्रायव्हरचा नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जरुरीपुरतं सुरू केल्यावर, ठिपके गेले म्हणून मात्र कार्ड सुटत नाही, तिथे त्याच्यावर ताणच नसतो. लॅपटॉप असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर चित्र नीट आलं तर स्क्रीन किंवा बिजागरीतून स्क्रीनकडे जाणारी केबलची पट्टी बघायची.

रेषा उभ्या आहेत की आडव्या, आणि मशीन तापल्यावरच येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.