फौजीची ॲक्टिव्हा आणि गेटपासचे ३,१५० रुपये

प्रश्न : ताई, मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. तिच्यासाठी जुनी स्कूटर शोधताना एका ॲपवर २०२१ ची ॲक्टिव्हा २६ हजारांत दिसली. विकणारा लष्करात आहे, बदली झाली म्हणून घाईत आहे म्हणाला. त्याने ओळखपत्र, कँटीन कार्ड आणि वर्दीतला फोटो पाठवला. गाडी कँपात आहे, आत येऊन बघता येणार नाही, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने थेट घरी येईल, असं सांगतो. टोकन म्हणून मी ५०० रुपये आणि आधार कार्डाचा फोटो पाठवलाय. आता तो गेटपासचे ३,१५० मागतोय, ते परत मिळतील म्हणे. आमचे हे म्हणतात, फौजी माणूस कशाला फसवेल? पाठवू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. एक रुपयाही पाठवू नका, आणि त्याच्याशी वादही घालत बसू नका.

मी साताऱ्याची, सुभेदाराची मुलगी. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे जवळजवळ घरटी एकजण सैन्यात गेलेला असतो. तुमच्या यजमानांचा विश्वास मला समजतो, आणि म्हणूनच या प्रकाराची मला फार चीड येते. वडिलांच्या बदल्या आम्ही पाहिल्या आहेत. बदली झालेला जवान गाडी विकतो तेव्हा ती गेटबाहेर आणून दाखवतो, चालवायला देतो. लष्कर कुणाची खासगी स्कूटर गिऱ्हाइकाच्या दारात पोचवत नाही आणि त्यासाठी गिऱ्हाइकाकडून गेटपासचे पैसेही घेत नाही.

ते ओळखपत्र खरंही असू शकेल, पण त्या माणसाचं नसेल. असाच विश्वास ठेवून कुणा जवानाने कधीतरी आपल्या कार्डाचा फोटो पाठवलेला असतो आणि तो पुढे फिरत राहतो. तुमच्या आधारचा फोटोही उद्या ‘विकणाऱ्या बाईंचा पुरावा’ म्हणून दुसऱ्या कुणाला दाखवला जाऊ शकतो. तेव्हा आजच आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा आणि पोलिसांकडच्या तक्रारीत या फोटोचा उल्लेख अवश्य करा.

तुम्ही ३,१५० पाठवले असते, तर पुढे विमा, मग जीएसटी, मग ‘पेमेंट अडकलं, पुन्हा पाठवा, दोन्ही परत येतील’ असं चालू राहिलं असतं. शेवटी रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड येतो. मी बँकेत नोकरी केली आहे, म्हणून हे ठासून सांगते : पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, समोरचा काहीही म्हणो.

५०० गेले म्हणून गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या तपशिलात दिसतो तो), त्याचा यूपीआय आयडी, मोबाइल नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट पुसू नका. बँकेलाही कळवा. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण तक्रार जितकी लवकर होईल तितकी समोरचं खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त.

आता मुलीच्या गाडीचं. जुनी गाडी घ्यायला काहीच हरकत नाही, पण पुण्यातच, दिवसाउजेडी आणि कुणाला तरी सोबत घेऊन बघा. ओळखीचा मेकॅनिक असेल तर उत्तमच. गाडीवरचा चासी नंबर आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नंबराशी स्वतः ताडून पाहा. तो खरवडल्यासारखा वाटला तर तिथून निघा, चोरीच्या गाडीचा ताप आयुष्यभराचा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) मागा. थकलेली ई-चलानं महाट्रॅफिक ॲपवर बघा आणि ती विकणाऱ्यालाच भरायला लावा. लोक हे विसरतात आणि दंड नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

गाडी नव्या मालकाच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्यावरच पूर्ण रक्कम द्या, तीही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. ‘मेव्हण्याच्या नंबरवर टाका’ म्हणाला तर थांबा. गाडी बघायच्या आधी टोकन तर नकोच. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असं कुणी म्हणालं तर खुशाल त्याला देऊ द्या. पुण्यात दरवर्षी शिक्षण संपवून गावी परतणारी मुलं स्कूटर विकतात. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आणि होस्टेलच्या वॉचमनकडे मुलीला आधी चौकशी करायला सांगा.