डिकीत एक टेप ठेव

हडपसर, पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आपल्याकडच्या गाड्यांवरचा तुझा लेख वाचला. दोनदा वाचला. एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा गॅरेजात, पोरांना मोठ्याने वाचून दाखवत. पोरं खूश झाली, कारण तू त्यांच्याच मनातलं लिहिलं आहेस. मारुती कंटाळवाणी, टाटाचा पत्रा दणकट, महिंद्रा सध्या जोरात, फोर्ड गेली हे आपलं दुर्दैव, पोलो परत आणा, आणि इलेक्ट्रिक म्हणजे चाकं लावलेला मोबाइल. लिहिण्यात धार आहे, ती जपून ठेव.

पण वाचता वाचता मी तुझ्या बाबांची वॅगनआर शोधत होतो. ती कुठेच सापडली नाही. बारा वर्षं ती गाडी माझ्याकडे येते. सीएनजीवर एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत. क्लच प्लेट एकदा, पुढचे शॉकअप एकदा, बाकी ऑईल आणि फिल्टर. तिच्यातच बसून तू क्लासला गेलीस, डिप्लोमाच्या ॲडमिशनला गेलीस. आणि लेखात ती बनवणाऱ्यांना ‘फ्रिज बनवणारे’ म्हणून मोकळी झालीस. तुझे बाबा वाचून हसले म्हणे. ते मोठ्या मनाचे आहेत.

‘काका, काय चुकतंय ते स्पष्ट सांगा’ असं तूच लिहिलं आहेस, म्हणून सांगायला बसलोय. थोडं लांबेल.

आधी माझीच फजिती ऐक. 2013 साली एक डॉक्टर गिऱ्हाईक मला म्हणाले, सेडान घ्यायचीय, कुठली घेऊ? मी नुकतीच एक युरोपियन गाडी चालवून बघितली होती. गिअर असा पडायचा की कळायचंही नाही. स्टिअरिंग वजनदार, दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. मी डोळे मिटून सांगितलं, हीच घ्या. त्यांनी घेतली. त्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि एक सम गिअरांसाठी. एक सुटायच्या आत दुसरा धरतो, म्हणून झटका लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर याला तोड नाही. आपल्याकडे मात्र गाडी मगरपट्ट्यापासून स्वारगेटपर्यंत मुंगीच्या पावलाने जाते, क्लच अर्धवट धरून घासत राहतात आणि तापतात. पाचव्या वर्षी, भर पावसात, जुन्या कात्रज घाटात गाडीने गिअर टाकायचंच नाकारलं. कंपनीच्या वर्कशॉपात ती दीड महिना पडून होती. पार्ट बाहेरून यायचा होता. एस्टिमेटचा आकडा ऐकून डॉक्टर काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘तुमच्या शब्दावर घेतली हो.’

मी त्यांना गाडी चालवायला कशी आहे ते सांगितलं होतं. सांभाळायला कशी आहे हे विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. तुझ्या लेखात मला तेव्हाचा मी दिसतो.

आता कामाचं बोलू. तू लिहिलंस, डिझायरची मागची बाजू कुऱ्हाडीने तोडल्यासारखी दिसते आणि डिझायनरला लाज वाटायला हवी. डिझायनरला कशाला बोल लावतेस? 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती. 2012 ला ती 3995 झाली. तुझ्या हाताची आठ बोटं आडवी धर, तेवढं शेपूट छाटलं गेलं. डिकी 440 लिटरवरून 316 वर आली. याचं कारण दिल्लीत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात ठरलं की चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 पर्यंत असेल, तर अबकारी कर 24 ऐवजी 16 टक्के. त्या एका ओळीने आपल्या रस्त्यांचं रूप बदललं. टाटाने इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस काढली. फोर्ड इकोस्पोर्ट 3999 मिलिमीटरची आली, मागे स्पेअर व्हील लटकवून. मग ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू. ज्याला आपण ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतो तो सगळा प्रकार खरं तर करखात्याच्या टेपने आखलेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून या छोट्या गाड्यांना जीएसटी 18 टक्के आणि मोठ्यांना 40. म्हणजे ती भिंत आणखी उंच झाली. पुढची काही वर्षं कंपन्या चार मीटरच्या आत काय काय कोंबतात ते बघत राहा.

म्हणून म्हणतो, डिकीत एक पाच मीटरचा टेप ठेव, दीडशे रुपयांत मिळतो. कुठलीही गाडी ‘विचित्र’ वाटली की आधी मोज, मग इंजिनचे सीसी बघ. निम्म्या वेळेला उत्तर तिथेच मिळतं.

डिकीवरून आठवलं. सीएनजीवाल्यांची डिकी म्हणजे नुसतं टाकीचं कपाट, हे तू बरोबर लिहिलंस. पण 2023 च्या अल्ट्रोझ सीएनजीत टाटाने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली आडव्या टाकल्या आणि वर बॅगा मावायला लागल्या, याबद्दल एक ओळ लिहायला हवी होतीस. ज्या घरात महिन्याच्या इंधनाचा हिशोब वहीत मांडला जातो, तिथे या दोन टाक्यांचं मोल सनरूफपेक्षा जास्त आहे. (सनरूफवर माझं मत विचारू नकोस. एप्रिलच्या पुण्यात काचेचं छप्पर कुणाला हवंय? आणि लेकरांना त्यातून बाहेर उभं करणाऱ्या बापांना मी गॅरेजात उभं करत नाही.)

आता पत्रा. हा विषय निघाला की माझं डोकं तडकतं. दारावर टिचकी मारून, बोनेट दाबून गाडीची सुरक्षितता ठरवणारे लोक मी रोज बघतो, आणि तूही त्याच पंगतीत बसलीस. बाहेरचा पत्रा कुठल्याही गाडीचा असो, एक मिलिमीटरपेक्षा पातळच असतो. टिचकीचा आवाज आतल्या डांबरी शीटवरही बदलतो. अपघातात वाचवतो तो आतला सांगाडा. कुठे पोलाद किती ताकदीचं, धक्का कुठल्या वाटेने फिरवलाय, पट्टा आणि एअरबॅग कधी काम करतात, यावर सगळं अवलंबून.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुझी लाडकी पोलोच आहे, आपल्या चाकणची. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या संस्थेने, पाच भारतीय गाड्या ताशी 64 किलोमीटरने आपटल्या. पाचही शून्य स्टार, त्यात बिनएअरबॅगची पोलोही होती. सांगाडा तिचा टिकला होता, तरी शून्य. मग तीच गाडी, तोच पत्रा, फक्त पुढे दोन एअरबॅग, आणि चार स्टार! कंपनीने बिनएअरबॅगचं मॉडेल बंदच केलं. 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच स्टार मिळाले तेव्हा मीही पोरांना पेढे दिले. पण 2024 ला नव्या डिझायरलाही पाच स्टार मिळाले, हे तुझ्या लेखात नाही. का? तुझ्या ठरलेल्या गोष्टीत ते बसत नव्हतं म्हणून? कंपनीवर माया जडली की असं होतं. मला ठाऊक आहे, मी प्रीमियर पद्मिनीवाला. स्टिअरिंगखालचा गिअर, थंडीत चोक ओढून वाट बघायची, आणि तरी ती माझी राणी होती. दुसऱ्याच्या मारुती 800 ला आम्ही खेळणं म्हणायचो. त्या खेळण्याने आमच्या राणीला घरी बसवलं.

फोर्डचं दुःख तू खूप लिहिलंस. 2021 च्या सप्टेंबरात त्यांनी इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, साणंदचा कारखाना नंतर टाटाने घेतला. त्याआधी जनरल मोटर्सने इथली विक्री थांबवली होती, त्यांचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. गाड्या वाईट नव्हत्या, चालवायला तर उत्तमच. पण एक प्रश्न तुझ्या बाबांना विचार: फिगोच्या शोरूममध्ये जाऊन तुम्ही परत का आलात? मला सांगितलेलं कारण असं, की गावाकडे गाडी बंद पडली तर सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर सत्तर किलोमीटरवर. त्यांच्यासारख्या हजारो बापांनी तोच हिशोब केला. शौकिनांनी कौतुक करायचं आणि घरी वॅगनआर न्यायची, असं चाललं तर कारखाना कशावर चालणार?

ॲव्हरेजबद्दल तू ‘कंपन्या खोटं बोलतात’ असं ठोकून दिलंस. एआरएआयच्या टेकडीवर तू कित्येकदा फिरायला गेली असशील. गाड्यांच्या चाचण्या घेणारी, 1966 पासूनची ती संस्था. तिच्या नावाने सांगितला जाणारा आकडा रस्त्यावरचा नसतोच. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद, ठरलेल्या तालाने सुमारे वीस मिनिटं चालवतात आणि वेग 90 च्या वर जात नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक. तोच आपल्या नगर रोडला मागायला गेलं तर हाती काय लागणार?

आणि आता त्यात इथेनॉल. पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण दोन तृतीयांश. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ताकद कमी, हा साधा गुणाकार. गेल्या महिन्यात इंदापूरकडचे एक बागायतदार 2011 ची हॅचबॅक घेऊन आले. ॲव्हरेज पडलं, पेट्रोलचा वास येतो, सरकारने वाटोळं केलं, अशी सरबत्ती. गाडी रॅम्पवर घेतली. टाकीकडून येणारा रबरी पाइप नखाने दाबला तर भेगा उमलल्या, सुकलेल्या चामड्यासारख्या. चौदा वर्षांचा पाइप, तो असाही बदलायला झाला होता. इथेनॉलने जुनं रबर लवकर हार मानतं हेही खरं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील त्या हिशोबाने बनलेत, जुन्यांचं तसं नाही. पाइप बदलून दिला. पैसे देताना सहज विचारलं, ऊस कुठल्या कारखान्याला घालता? नाव सांगितलं आणि स्वतःच हसले. त्या कारखान्याची डिस्टिलरी इथेनॉलच बनवते. ‘तिकडून येतं ते इकडून जातं म्हणायचं,’ असं म्हणाले. असा माणूस तुझ्या लेखात यायला हवा. तो रागावलेला होता, त्याचा राग खरा होता, आणि त्याच्या उसाचं बिलही खरं होतं.

इलेक्ट्रिकवर मी फार बोलत नाही, माझ्याकडे अजून थोड्याच येतात. येतात त्यांचे टायर आणि सस्पेन्शनचे बुश लवकर झिजलेले दिसतात, कारण बॅटरीचं वजन. ब्रेक पॅड मात्र वर्षानुवर्षं कोरे, कारण मोटरच वेग कमी करते. 2024 ला एमजीने विंडसर आणताना बॅटरी भाड्याने देऊ केली, गाडी 9.99 लाखांना आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. ‘मार्केटिंगची चलाखी’ म्हणून तू पुढे गेलीस. कागद-पेन घेऊन बस. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला काय पडतं, दोन हजार चालवणाऱ्याला काय? मग लिही. आणि आपल्या सोसायटीत चार्जर बसवायला कमिटीची परवानगी मिळवताना जो घाम गाळावा लागतो, तो कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

टाटाच्या नव्या सिएरावर मात्र तुझ्याशी भांडायचंच आहे. ‘जुनीची मजा नाही’ म्हणतेस. जुनी कधी आतून पाहिलीस? 1991 ची ती गाडी टाटामोबाइल पिकअपच्या सांगाड्यावर होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत घुसायचं आणि मागची ती सुंदर वाकडी काच उघडायचीच नाही. प्रेम करण्यासारखी होती, घ्यायचं धाडस फार थोड्यांनी केलं. तू फोटोंवर प्रेम करतेस. करावं, पण तसं सांगून करावं.

पुढचा लेख लिहिण्याआधी एक काम कर. लाँचच्या दिवशी धुऊन-पुसून दिलेली गाडी सगळेच चालवतात. तू पाच वर्षं वापरलेली बघ. परवा एक 2018 ची डिझेल गाडी आलीय, एक लाख दहा हजार झालेली, मालकाला विकायचीय. रविवारी ये. पण साडेसातच्या आत. इंजिन रात्रभर थंड असतं तेव्हा चालू करून पहिले दहा सेकंद टायमिंग चेनचा खडखडाट ऐकायचा असतो. एकदा ऐकलास की आयुष्यभर ओळखशील. आठ वाजता आमचा मधू ती गाडी दूध आणायला घेऊन जातो, मग दिवसभर काही कळत नाही.

बाबांना नमस्कार. त्यांना सांग, सीएनजी टाकीच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे दाबाच्या तपासणीची, मुदत या महिन्यात संपतेय.

तुझा,
गॅरेजवाला काका